पोटातला जंतू आणि ओसरीवरचं ताट

शी काळी होत होती. एवढं एक वाक्य मी तेव्हा कुणाजवळ बोलले असते, तर पुढचं बरंच काही टळलं असतं. सव्वीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. गावातल्या बायकांना नको नको ते प्रश्न तोंडावर विचारले. पण स्वतःचं हे वाक्य मला सांगता आलं नाही. एक तर सांगायला घरात कुणी नव्हतं. आणि दुसरं म्हणजे मला वाटत होतं, आपल्याला यातलं सगळं कळतं.

हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेणारी माणसं आता गावोगाव आहेत. त्यांतल्या एखाद्यानं हे वाचून उद्या सकाळी संडासात खाली वाकून नीट बघितलं, तरी माझं लिहिणं कामी आलं असं मी म्हणेन.

माझ्याच गोळ्या

मी इंदू. गावात नावानं कुणी हाक मारत नाही, नर्सबाई म्हणतात. माहेर बारामतीजवळचं कन्हेरी. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती, वडिलांनी ती विकून शेती धरली. सतराव्या वर्षी माझं लग्न झालं. मूल झालं नाही म्हणून तेविसाव्या वर्षी मी परत आले. वडिलांनी मला घरात बसू दिलं नाही, नर्सच्या कोर्सला घातलं. नोकरी इंदापूर तालुक्यात लागली. कळंबच्या पुढं एका गावात आरोग्य उपकेंद्र आहे, त्याच्यामागं दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथं मी एकटीच राहत होते.

पन्नाशी ओलांडली त्या वर्षी छातीत कळ आली. बारामतीच्या डॉक्टरांनी हृदयाचा सौम्य झटका म्हणून सांगितलं आणि रोज एक अ‍ॅस्पिरिन लिहून दिली. रक्त गोठू नये म्हणून. "बाई, ही गोळी आता सोडायची नाही," ते म्हणाले. मला हे बजावायची गरज नव्हती. दुसऱ्यांना दामटून गोळ्या घ्यायला लावणारी बाई मी. एक दिवस चुकवला नाही.

त्यात गुडघा दुखायचा. वाड्यावस्त्यांवर चालणं भरपूर. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून मी तीही रोज घेऊ लागले. हे बारामतीच्या डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर थकवा यायला लागला. पाण्याची बादली उचलली तरी धाप लागायची. एक दिवस आरशासमोर उभी राहून मी डोळ्याची खालची पापणी ओढली, गरोदर बायकांची बघते तशी. पांढरीफटक. म्हटलं, रक्त कमी झालंय, वय झालंय, एकटीचं खाणं ते काय असणार. कपाटातल्या रक्तवाढीच्या गोळ्या काढल्या आणि सुरू केल्या.

त्या गोळ्यांनी शी काळपट होते. हे मी प्रत्येक पोटुशीला सांगते, "घाबरायचं न्हाय, गोळीनं होतंय तसं." तेच मी स्वतःला सांगितलं.

पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. रक्तवाढीची पहिली गोळी घेण्याच्या आधी आठेक दिवसांपासूनच शी काळी होत होती. मी ते पाहिलं होतं. त्या आठवड्यात शेजारच्या बाईनं कारळ्याची चटणी दिली होती, तिच्यावर मी ढकललं. आणि ती नुसती काळपट नव्हती. डांबरासारखी होती, चिकट, पाणी टाकलं तरी न जाणारी, आणि वास असा की आपल्यालाच किळस यावी. रक्तवाढीच्या गोळ्यांनी तसं होत नाही. हा फरक मला पुस्तकातून माहीत होता. पण एकटं माणूस असलं की आपलं म्हणणं खोडायला समोर कुणी नसतं.

पोटात जळजळायचं. मग मी दूध प्यायचे, बिस्किट खायचे. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

पोलिओचा रविवार

पोलिओचे डोस सुरू झाल्याचा तो तिसरा हिवाळा. रविवारी शाळेत आमचा बूथ लागला. सकाळपासून आया पोरं घेऊन रांगेत. अंगणवाडीची ताई नावं लिहीत होती, मी थेंब पाजत होते. दुपारी एकच्या सुमाराला कुपी संपली, दुसरी काढायला मी खुर्चीवरून उठले आणि सगळी शाळा पिवळी झाली. लशीच्या पेटीला धरायला हात पुढं केला तेवढं आठवतं.

शुद्ध आली तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर आडवी होते आणि साडीवर उलटी झालेली होती. चहाच्या चोथ्यासारखी, काळपट. ती बघितली आणि क्षणात सगळं कळलं. पोटात रक्त होतं, आणि ते आजचं नव्हतं.

"बाई, वो बाई, डोळं उघडा," अंगणवाडीची ताई रडवेली झाली होती.

"पेटीचं झाकण लाव," मी म्हणाले. "लस गरम होईल."

आरोग्य केंद्राची जीप फिरतीवर होती, ती बोलावली. ड्रायव्हर बाळूभाऊ. मला मागच्या सीटवर आडवं केलं आणि बारामतीची वाट धरली. कॅनॉलच्या कडेनं जाताना मी एकदम त्याला म्हणाले, "बाळूभाऊ, महिनाभर माझी शी काळी होतीय."

पहिल्यांदा हे वाक्य मी बोलले ते एका परक्या पुरुषाला, चालत्या जीपमध्ये. एरवी मी मेले असते तरी बोलले नसते. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "बोलू नका बाई. पडून राहा. वीस मिनिटांत पोचवतो." आणि त्यानं गाडीचा वेग वाढवला.

दवाखान्यात कागदावर नातेवाइकाची सही लागत होती. बाळूभाऊनंच केली. नातं काय म्हणून विचारलं तर म्हणाला, "वळखीचा हाय."

दुर्बीण

माझा भाऊ नामदेव सात वर्षांनी लहान. मी त्याला नामा म्हणते. निरोप पोचला तसा तो संध्याकाळच्या आत आला. त्याचा चेहरा बघून मला कळलं मी कशी दिसत असेन. मला दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं, त्याच्या बदल्यात त्यानं एक बाटली दिली. हातावर कापूस दाबून माझ्या कॉटपाशी येऊन बसला.

"आक्का, आदी सांगायचं न्हाय व्हय?"

"काय सांगायचं?" मी म्हणाले.

त्यानं कापूस उचलून बघितला आणि परत दाबून धरला. 

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. घशावर कडू औषध मारलं, जीभ लाकडासारखी झाली. तोंडात प्लॅस्टिकचं कडं दिलं आणि त्यातून काळी नळी आत. मी आयुष्यभर दुसऱ्यांना "श्वास घ्या, लांब घ्या" म्हणत आले. तिथं एका पोरसवदा सिस्टरनं माझा हात धरला आणि तेच शब्द मला सांगितले. ते ऐकताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नळीमुळं वाहतं तसं. पण सगळंच नळीमुळं नव्हतं.

दुपारी डॉक्टर कॉटपाशी आले. तरुण होते, नुकतेच शहरातून शिकून आलेले. त्यांच्या हातात छोटीशी बाटली होती, तळाला गुलाबी रंग.

"बाई, तुम्ही आमच्यातल्याच, म्हणून दाखवतो. तुमच्या जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा यात टाकला होता. आधी हे पिवळं होतं. गुलाबी झालं म्हणजे जंतू आहे."

"कसला जंतू?"

"जठरात राहणारा. अल्सर आहे तुम्हाला, त्यातून रक्त जात होतं."

"अल्सरला जंतू?" मी म्हणाले. "आम्हाला तिखट, काळजी आणि उपास शिकवलं होतं."

"आम्हालाही आधी तेच शिकवलं," ते हसले. "आता बदललंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हा जंतू बऱ्याच लोकांच्या पोटात वर्षानुवर्षं असतो आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. पण जंतूनं अस्तर आधीच दुखावलेलं असताना वरून रोज अ‍ॅस्पिरिन गेली, की जखम लवकर होते. आणि अ‍ॅस्पिरिननं रक्त गोठत नाही, म्हणून ती वाहत राहते. त्यात मी गुडघ्याची गोळी घालत होते. ते ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"जंतू घालवला तर पुन्हा रक्त जायचा धोका बराच कमी होतो. अगदी जात नाही, पण कमी होतो. चौदा दिवस गोळ्या घ्यायच्या. एकही चुकवायची नाही."

नामा कॉटच्या पायथ्याशी उभा होता. हे सगळं त्यानं ऐकलं. त्यातला एकच शब्द त्यानं घरी नेला, हे मला नंतर कळलं.

वॉर्डातले दिवस

सकाळी सहाला सिस्टर ताप बघायला यायच्या. मग चहा, मग झाडलोट, मग डॉक्टरांची फेरी. चार वाजता भेटायला येणाऱ्यांची गर्दी. मी त्या वेळी भिंतीकडं तोंड करून पडायचे. नामा एक दिवसाआड यायचा. उसाला तोड लागली होती, त्याला दोष देत नाही.

शेजारच्या कॉटवर लासुर्ण्याची एक म्हातारी होती, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली. तिच्याभोवती सून, लेक, जाऊ, नातवंडं, सगळी कॉटवर चढून बसलेली. त्यांचा गलका मला सहन व्हायचा नाही, आणि ती माणसं गेली की वॉर्ड खायला उठायचा.

तिसऱ्या दिवशी त्या म्हातारीची सून माझ्याजवळ आली. हातात फणी.

"बाई, तुमची बट झालीया केसांची. इचरू का?"

मी नको म्हणायच्या आत ती माझ्यामागं बसली. सलाईनचा हात मी धरून ठेवला होता. तिनं गुंता सोडवला, तेल लावलं, घट्ट वेणी घातली. किती वर्षांत माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता, ते मला त्या दिवशी कळलं. तिचं नावही मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कन्हेरी

सुट्टी झाली आणि नामा मला घरी घेऊन गेला. अ‍ॅस्पिरिन तूर्त बंद होती, जखम भरेपर्यंत. क्वार्टरवर एकटी राहू नका म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

घरात नामाची बायको कमल आणि त्यांची लेक शुभा. शुभाला इंदापूरला दिलेली, पहिलटकरीण, आठवा लागलेला म्हणून माहेरी आलेली. मी मनातून खूश होते. म्हटलं, महिनाभर लेकराजवळ राहीन, तिला तपासत जाईन. एवढ्या बाळंतपणांना हात लावला, घरच्या बाळंतपणात मी असेन.

ओसरीवर माझं अंथरूण घातलेलं होतं. खाली नवी चटई, वर धुतलेली गोधडी. बाजूला तांब्या, पेला, एक ताट, एक वाटी. मला वाटलं, हवा यावी म्हणून ओसरी दिली असेल. जेवायची वेळ झाली तशी मी उठून आत निघाले. कमल दारात आली.

"वन्सं, तुमी हितंच बसा. मी वाढून आणती."

"अगं येते की आत. तेवढं चालवतं मला."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. पदर हातात घेऊन पिळत होती.

"राग मानू नका, वन्सं. पोरीचं दिवस भरत आल्यात. ह्यांनी सांगितलं, डॉक्टर म्हणालं पोटात जंतू हाय म्हनून."

"कमल, तो असा न्हाय लागत."

"तुमाला कळतंय ओ. पर माझ्या जिवाला पटत न्हाय."

मी परत फिरून चटईवर बसले.

इथं मला खरं सांगायला हवं. क्षयाच्या पेशंटचं ताट वेगळं करू नका, असं मी किती घरांत ओरडून सांगितलंय. कमलला मी चार वाक्यांत गप्प केलं असतं. पण माझ्या तोंडून पुढं शब्द निघाला नाही, कारण मलाच नक्की माहीत नव्हतं. हा जंतू लागतो कसा, हे मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. दुखण्यात, अशक्तपणात राहून गेलं. आणि शुभाच्या पोटाकडं बघितलं की माझ्याही मनात येत होतं, खरंच लागला तर?

म्हणून मी ते ताट मुकाट्यानं घेतलं. पहिल्या दिवशी कमलनं ते माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती कठड्यावर ठेवायची आणि दोन पावलं मागं सरायची. जेवण झाल्यावर माझं ताट मी नळावर धुवायचे आणि उपडं घालायचे. जेवणात कधी कमी केलं नाही तिनं. मऊ भात, ताक, मुगाची आमटी, सगळं वेळेवर. ती वाईट बाई नव्हती. हे मी आज म्हणू शकते.

गोळ्यांनी तोंडाची चव गेली होती. जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं वाटायचं. दिवसभर मी ओसरीवर पडून आतले आवाज ऐकायचे. भांड्यांचे, मिक्सरचे, शुभाच्या हसण्याचे. एकदा शुभानं आतून हाक मारली, "आत्त्या, बाळ लाथ मारतंय बघ!" मी उठून बसले. लगेच कमलचा दबका आवाज आला, "गप बस की गं." मग काहीच ऐकू आलं नाही. मी पुन्हा आडवी झाले.

नामा संध्याकाळी रानातून यायचा, ओसरीच्या पायरीवर बसायचा. "बरं हाय का, आक्का?" विचारायचा. मी "हाय" म्हणायचे. मग तो आत जेवायला जायचा.

रसाच्या गुऱ्हाळावर

चौदा दिवस संपले तसं बारामतीला दाखवायला गेलो, नामा आणि मी. या वेळी मी प्रश्न तयार ठेवला होता.

"डॉक्टर, हा लागतो कसा? घरात पोटुशी आहे."

"मोठ्या माणसाला असा ताटातनं सहसा लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांना लहानपणीच येतो. एका घरात, एका भांड्यात जेवताना, आईनं चावून भरवताना. तुमच्या पोटात तो चाळीस-पंचेचाळीस वर्षं असेल. आणि आता तर औषध पूर्ण झालंय. भिण्यासारखं काही नाही."

बाहेर आल्यावर नामानं मला रसाच्या गुऱ्हाळावर बसवलं. त्याच्यापुढं रसाचा ग्लास, माझ्यापुढं पाणी. त्यानं खिशातून सोड्याची पुडी काढली आणि तोंडात टाकली. त्याला कितीतरी वर्षांपासून जळजळ होते. घरात ते इतकं सवयीचं की कुणाचं लक्षच जात नाही.

मी म्हणाले, "नामा, तुला दात नव्हतं तवा आई रानात जायाची. तुला मी सांभाळायची. भाकरी चावून तुझ्या तोंडात घालायची मी."

"व्हय, सांगायची आई."

"डॉक्टर काय म्हणालं ऐकलंस न्हवं? माझ्यात हाय तर तुझ्यात बी असंल. माझ्याकडनंच आला असंल तुला."

त्यानं ग्लास खाली ठेवला. तो रस्त्यावरच्या ट्रॅक्टरकडं बघायला लागला.

"मला काय झालंय?" तो म्हणाला.

"झालं न्हाय. पर कंबर दुखती म्हणून कुठली बी गोळी मेडिकलातनं आणून खाऊ नको. आणि एकदा दाखवून घे." मग मी जे बोलायचं होतं ते बोलले. "आणि घरी कमलला एवढं सांग. मी सांगितलं तर तिला पटायचं न्हाय. तू सांग."

"सांगतो की," नामा म्हणाला.

मी वाट बघितली. त्या दिवशी ताट कठड्यावर आलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम नामा जेवायला बसला असताना दाराशी जाऊन उभी राहिले. आत तिघं पंगतीला बसलेली. नामानं वर बघितलं, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि पुन्हा ताटात मान घातली.

कमलनं माझं ताट वेगळं केलं तेव्हा दुखलं, पण समजत होतं. तिला माहीत नव्हतं. नामाला माहीत होतं. मी ज्याला माझ्या तोंडातला घास दिला, तो बायकोला एक वाक्य सांगू शकला नाही. दवाखान्यात, शाळेच्या ओट्यावर, कुठंच मला एवढं एकटं वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी पिशवी भरली. ड्युटीवर हजर व्हायचंय म्हणून सांगितलं. शुभा दारापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते. मी लांबूनच हात केला. नामा स्टँडवर सोडायला आला, एसटीत जागा धरून दिली आणि खिडकीशी गाडी हलेपर्यंत उभा राहिला. 

पुन्हा तीच गोळी

क्वार्टरवर परत आले. दीड महिन्यानं पुन्हा दुर्बीण झाली. जखम भरली होती, बाटलीतलं औषध पिवळंच राहिलं, गुलाबी झालं नाही. जंतू गेला होता. डॉक्टर म्हणाले, आता अ‍ॅस्पिरिन पुन्हा सुरू करा, सोबत आम्ल कमी करायची ही गोळी. गुडघ्याची गोळी मात्र बंद म्हणजे बंद.

ज्या गोळीनं मला शाळेच्या ओट्यावर आडवं केलं, तीच पुन्हा तोंडात घालायची. सांगायला सोपं आहे. पहिल्या दिवशी न्याहारी करून मी ती तळहातावर घेतली आणि परत पाकिटात ठेवली. दुसऱ्या दिवशीही. डॉक्टरांना कुठं कळणार होतं? घरात विचारणारं तर कुणीच नव्हतं. पोटातून रक्त जाऊन मरायचं की छातीत कळ येऊन, यातलं एक निवडायला बसल्यासारखी मी रोज सकाळी त्या खुर्चीत बसायचे.

तिसऱ्या दिवशी सरळ एसटी धरून मी बारामतीला गेले आणि डॉक्टरांसमोर बसले. "मी गोळी घेतलेली नाही," मी म्हणाले. "मला भीती वाटते."

मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "वाटणारच. आधी जंतू होता, दुखण्याची गोळी होती, वर संरक्षण काही नव्हतं. आता तसं नाही. आणि आता तुम्ही बघणार आहात. रोज सकाळी बघायचं. काळी, चिकट दिसली की त्याच दिवशी इथं यायचं. स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही आणि स्वतःच्या मनानं दुसरी घ्यायची नाही."

परत येऊन मी गोळी घेतली. तेव्हापासून रोज घेते. रोज बघते. गुडघा दुखतो, त्याला गरम पाण्याची पिशवी. आणि जो कुणी रक्त पातळ करायची गोळी घेतो म्हणून कळतं, त्याला मी पहिला प्रश्न तोच विचारते. म्हातारे लाजतात. "काय बाई, कायबी इचारता," म्हणतात. मी उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाही.

या मधल्या काळात नामाचं एक पोस्टकार्ड आलं. शुभाला मुलगा झाला, दोघं सुखरूप. कार्ड माझ्या हातात पडलं तेव्हा बारसं होऊन चार दिवस झाले होते. बाळाचं नाव त्यात लिहिलेलं नव्हतं. मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि लसीकरणाच्या रजिस्टरात ठेवून कामाला लागले.

बुधवार

बुधवारी आमच्याकडं लसीकरण असतं. मार्चातला एक बुधवार होता. बायका ओट्यावर बसलेल्या. एक जीप येऊन थांबली आणि तिच्यातून शुभा उतरली, बाळाला दुपट्यात गुंडाळून. सासरी इंदापूरला निघाली होती.

"आत्त्या, ह्याची तिरगुणीची पहिली सुई हाय."

"अगं, बारामतीत एवढं दवाखानं सोडून हितं?"

"तुझ्या हातनंच द्यायची. मी कवाच ठरवलं हुतं." आणि तिनं बाळ सरळ माझ्या मांडीवर ठेवलं.

मऊ, गरम, डोक्याला तेल लावलेलं. मी त्याला धरून नुसतीच बसले. मग हात धुतले, सुई भरली आणि मांडीत टोचली. बाळ टाहो फोडून रडायला लागलं.

रडणं ऐकून जीपमधून कमल उतरली. तोपर्यंत ती आतच बसून होती. येऊन दारात थांबली. वाळल्यासारखी दिसत होती.

"रातच्याला ताप येतो का ओ, वन्सं?"

"येईल थोडा. तापाच्या गोळीचा तुकडा देते, पाण्यात विरघळून पाज. सुईच्या जागी चोळू नको."

ती आत आली. बायकांच्या सतरंजीवर, अगदी माझ्याजवळ बसली.

"ह्यांनी काल सांगितलं मला," ती म्हणाली. "पोट लई दुखलं म्हनून बारामतीला गेलं हुतं, मला न सांगता. त्यांच्या बी पोटात तेच निघालंय. मग सांगितलं सगळं. गुऱ्हाळावरचं. तुमी चावून भरवायचा ते." तिनं बाळाकडं बघितलं. "दोन महिनं पोटात ठिवलं बघा त्यांनी."

मी बाळाचं दुपटं सारखं केलं.

"पंचवीस वरसं त्यांच्याच ताटात जेवती मी, वन्सं. त्यांच्या मागनं. मग मला बी असंल की."

"असंल."

"मग आता वो?"

"पोट दुखतंय? शी काळी हुती का?"

"न्हाय."

"मग काय न्हाय. दुखलं तर माझ्याकडं ये."

तिला हसू फुटलं आणि मग पदर तोंडाला लावून ती रडली. बाकीच्या बायका बघत होत्या. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला त्या हाताची भीती वाटली नाही, हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

मी बाळाचं कार्ड पुढं ओढलं. "नाव काय ठिवलं?"

"बारशाला तुमी पायजे हुता," कमल म्हणाली आणि मग तिनं नाव सांगितलं. मी ते कार्डावर लिहिलं, खाली पुढच्या डोसाची तारीख टाकली.

"महिन्यानं परत यावं लागंल," मी म्हणाले.

"शुभाला न्हाय जमलं तर मी आणीन त्याला," कमल म्हणाली. "त्या दिशी जेवाय थांबीन."